रिकामी टाकी आणि दाभोळची वाट

दिवाळीच्या सुट्टीत दाभोळला जायचे, हे अम्मांनी दोन वर्षांपासून मनात धरले होते. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची खाला, दाभोळजवळच्या खाडीकाठच्या एका गावात दिलेली आहे. दोघी बहिणींची भेट होऊन चार वर्षे झाली होती. फोनवर रोज बोलणे होई, पण अम्मांचे म्हणणे एकच, "आवाज सुनने से पेट नहीं भरता बेटा." मध्ये त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि एस.टी.चा प्रवास बंद झाला. शेवटी आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. घेण्यामागे कारणे बरीच होती, पण अम्मांना दाभोळला नेणे हे त्यातले पहिले.

आम्ही शाळामास्तर. पगार एक तारखेला येतो आणि वीस तारखेपर्यंत त्याचा हिशोब संपतो. त्यामुळे टाकी पूर्ण भरण्याची सवय आम्हाला कधीच लागली नाही. पाचशेचे टाकायचे, दिवा लागला की पुन्हा पाचशेचे. ही सवय अब्बांकडून आलेली. त्यांच्याकडे जुनी स्कूटर होती. पेट्रोल संपत आले की ते पायाजवळची कळ रिझर्व्हवर फिरवत. तेही संपले की स्कूटर एका अंगावर कलती करून कोपऱ्यातले चमचाभर पेट्रोल खाली आणत आणि घरी पोहोचत. लहानपणी आम्हाला ती मोठी करामत वाटे. चारचाकी आली तरी आमच्या डोक्यातली स्कूटर गेली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळीच गाडीचा पिवळा दिवा लागला होता. फजरची नमाज पढून, चहा घेऊन आम्ही कऱ्हाडहून निघालो. पुढे अम्मा, मागे बेगम, नववीतली लेक आणि सहावीतला मुलगा. डिकीत खालासाठी साड्या, बाजरीचे पीठ, गुळाची ढेप. या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल हे समोरच्या छोट्या पडद्यावर दिसते. तो आकडा ७८ होता. चिपळूण शंभराच्या आसपास. पाटणला भरू, असे ठरवले.

कऱ्हाड ते पाटण हा रस्ता कोयना नदीच्या खोऱ्यातून जातो. पावसाळा नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवे, सकाळचे धुके उसाच्या शेतांवर अडकलेले. मुलांना आम्ही नदीची गोष्ट सांगत होतो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, बराच काळ दक्षिणेकडे वाहते, मग हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे उतरवतात. पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात त्याची वीज होते, पुढे कोळकेवाडीच्या धरणातून तेच पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. "म्हणजे आपण आणि कोयनेचं पाणी एकाच गावाला चाललोय," लेक म्हणाली. मास्तरांना असे वाक्य ऐकले की बरे वाटते. त्याच आनंदात पाटण आले. पंपावर ट्रॅक्टर आणि दुचाकींची रांग होती. आम्ही म्हटले, पुढे भरू, तिथे गर्दी नसते.

पुढच्या पंपावर दोरी बांधलेली होती. टँकर आला नव्हता. दुपारनंतर येईल, असे माणसाने सांगितले. पडद्यावर आकडा २१ होता. मागे पाटण तेवढेच लांब. पुढे कुंभार्ली घाट आणि घाट उतरल्यावर पंप. बेगमनी विचारले, "परत फिरायचं का?" आम्ही उत्तर दिले, "आता उतारच तर आहे." हे वाक्य आम्हाला अजून आठवते, कारण त्या दिवशीची सगळी चूक त्यात आहे.

माथ्यापर्यंत थोडी चढण आहे. त्या चढणीत आकडा २१ वरून १४ झाला, मग ९. गाडी तीन-चार किलोमीटरच गेली होती. लेक मागून आकडे वाचत होती, आधी गंमत म्हणून, मग हळू आवाजात. माथ्यावरून कोकण दिसले. खाली दऱ्या, लाल माती, दूरवर धुरकट निळे डोंगर. दर वेळी आम्ही तिथे थांबतो, त्या दिवशी थांबलो नाही. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल केली. दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणावर इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि ते बंद पडले.

घाटातल्या उतारावर इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. स्टिअरिंग एकदम जड झाले. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा लागला, मग पेडल दगडासारखे घट्ट झाले. समोरून एक मालट्रक वर येत होता. हँडब्रेक ओढत, सगळा जोर लावून गाडी डोंगराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत घातली. अम्मा काही बोलल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते आणि हाताने त्यांनी दाराचे हँडल धरून ठेवले होते. गाडी थांबल्यावर त्यांची बोटे आम्हाला सोडवावी लागली.

मोबाइलला रेंज नव्हती. वीस मिनिटांनी भाजीची एक पिकअप गाडी थांबली. ड्रायव्हर भला माणूस होता. म्हणाला, "सर, बाटलीत पेट्रोल देत नाहीत, पण माझ्या ओळखीचा पंप आहे, डबा आहे माझ्याकडे." आम्ही त्याच्याबरोबर खाली गेलो. पेट्रोल मिळाले, परत वर यायला दुसरी गाडी मिळेना. सगळे मिळून सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात घाटातल्या वळणावर अम्मा, बेगम आणि दोन मुले बसून होती. ऊन चढत होते. ऑपरेशन झालेला गुडघा आखडला होता. बायकांना आडोसा नव्हता. आम्ही परत आलो तेव्हा बेगमनी फक्त पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. भांडण झाले असते तर बरे वाटले असते.

पाच लिटर टाकले. गाडी लगेच सुरू झाली नाही. बरेच सेल्फ मारल्यावर सुरू झाली आणि मागच्या सीटखालून किर्र असा बारीक आवाज येऊ लागला. हळूहळू घाट उतरून, पोफळी मागे टाकून आम्ही चिपळूणच्या अलीकडे एका गॅरेजवर थांबलो. गॅरेजवाले साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, हात काळे. पोरे त्यांना उस्ताद म्हणत. अम्मांना पाहताच त्यांनी आधी खुर्ची आणि पाणी मागवले, मग गाडीकडे वळले.

आम्ही विचारले, "टाकी कमी ठेवल्याने गाडी खराब होते म्हणतात. खरं आहे का?"

उस्तादांनी सीट उचलली, कान लावला आणि म्हणाले, "सर, अर्धं खरं आहे. तुमच्या अब्बांच्या जमान्यात पूर्ण खरं होतं."

मग त्यांनी जे सांगितले ते वाचकांसाठी आमच्या शब्दांत देतो.

जुन्या स्कूटरच्या टाकीत पेट्रोल दोन तोंडांनी येई. एक तोंड तळापासून उंच, दुसरे अगदी तळाशी. रोजचे पेट्रोल उंच तोंडातून यायचे, रिझर्व्हचे तळातून. तळाशी गंज, गाळ आणि पाण्याचे थेंब साचलेले असत. म्हणून रिझर्व्हवर गाडी घातली की कचरा कार्बोरेटरमध्ये जाई. टाकी कमी ठेवू नये, ही समजूत तिथून आली आणि ती त्या गाड्यांपुरती बरोबर होती.

आताच्या पेट्रोल गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बसवलेला असतो. तो टाकी भरलेली असो की रिकामी, नेहमी तळातूनच ओढतो. त्यामुळे कमी पेट्रोलमध्ये गाळ जास्त येतो, असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय पंपाला जाळी असते आणि पुढे फिल्टर असतो. दिवा लागल्यावरही चार-पाच लिटर शिल्लक असते. कधीतरी दिवा लागलेल्या गाडीने दहा-वीस किलोमीटर जाण्याने काही बिघडत नाही.

नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. या पंपाला थंड ठेवणारे आणि त्याला वंगण देणारे दुसरे काही नसते, त्यातून वाहणारे पेट्रोलच ते काम करते. पेट्रोल येत आहे तोवर पंप सुखी. ज्या क्षणी तो हवा ओढू लागतो, त्या क्षणापासून तो कोरडा आणि गरम चालतो. पंपाभोवती एक वाटीसारखे भांडे असते, ते उतार-चढावर थोडे पेट्रोल धरून ठेवते. पण टाकी तळाला गेली असेल आणि गाडी नाक खाली करून तीव्र वळण घेत असेल, तर उरलेले पेट्रोल पुढच्या कोपऱ्यात जाते आणि वाटी रिकामी पडते. इंजिनाने दिलेल्या उचक्या त्याच होत्या. अशा उचक्यांत न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेने पुढे जाते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. तो महाग असतो.

"आणि डिझेल?" आम्ही विचारले.

"डिझेलची गाडी कोरडी पडली तर लाईनमध्ये एअर जाते," उस्ताद म्हणाले. "नुसतं डिझेल टाकून बहुतेक वेळा चालू होत नाही, एअर काढावी लागते. तिच्या मोठ्या पंपालाही डिझेलच वंगण देतं. म्हणून डिझेलवाल्याने जास्त सांभाळायचं."

पाण्याचा मुद्दा त्यांनी आणखी सांगितला. टाकीत जेवढी जागा रिकामी, तेवढी दमट हवा आत राहते. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर त्या हवेतले पाणी टाकीत उतरू शकते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी फार झाले तर दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. रोज चालणाऱ्या गाडीला याची भीती कमी. उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी मात्र भरलेली बरी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडाले, तेव्हा किती टाक्यांतून पाणी काढले याचा हिशोब नाही, असे ते म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारले, "उतारावर न्यूट्रल केली होती ना?" आम्ही मान खाली घातली. शाळेत आम्ही मुलांना जसे उभे करतो तसे उभे होतो. ते म्हणाले, "सर, उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर आजची गाडी पेट्रोल घेणं जवळजवळ बंद करते. चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की इंजिन चालू राहायला पेट्रोल खातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तुम्ही वाचवायला गेलात आणि दोन्हीकडून गमावलंत." काट्याबद्दलही त्यांनी सांगितले. टाकीत तरंगणारा एक फ्लोट काटा हलवतो, त्यामुळे चढाला आणि उताराला काटा वेगवेगळे सांगतो. आणि किलोमीटरचा आकडा म्हणजे मागच्या रस्त्यावरून बांधलेला अंदाज, पुढे चढण आहे हे त्याला माहीत नसते.

पैसे विचारले तर म्हणाले, "काही केलंच नाही, काय घेऊ? पंप आवाज करतोय, कदाचित शांत होईल. जाताना टाकी भरा." मग अम्मांना सलाम करून म्हणाले, "अम्मांची दुआ होती म्हणून मोकळी जागा मिळाली."

टाकी भरली. आयुष्यात पहिल्यांदा काटा अगदी वर गेलेला पाहिला. चिपळूणहून गुहागर आणि तिथून धोपावे. खाडीकाठी पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. धोपाव्याहून दाभोळला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीवर चढण्याची मुलांना केवढी मौज. अम्मा काच खाली करून पाण्याकडे पाहत होत्या. वाशिष्ठी इथे एवढी रुंद होते की तिला नदी म्हणवत नाही. "यह अपनी कोयना का पानी है?" त्यांनी नातीला विचारले. "हां दादीजान, थोडा अपना भी है."

दाभोळ आज शांत गाव आहे, पण बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचे हे मोठे बंदर होते. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, दख्खनचे कापड इथून जाई, हाजी इथून जहाजात बसत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी हे शहर लुटून जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी दख्खनमध्ये फिरला आणि परत जाताना याच बंदरातून होर्मुझला जाण्यासाठी निघाला. त्याचे जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. जहाजावर शिधा होता, तो तिथल्या लोकांना वाटून ही मंडळी सुखरूप सुटली. मुलांना ही गोष्ट सांगताना आमची जीभ थोडी अडखळली.

खाडीच्या अगदी काठावर विजापुरी धाटणीची काळ्या दगडाची जुनी मशीद आहे. मोठा घुमट, कोपऱ्यांवर मिनार, दगडी पायऱ्या. तिथले लोक सांगतात की विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी लवाजमा आणि खजिना घेऊन दाभोळला आली होती. पण समुद्राची वाट त्या वेळी धोक्याची होती. ती थांबली आणि सोबतच्या पैशातून तिने ही मशीद बांधवली. गोष्ट किती खरी हे इतिहासकार पाहोत. आम्हाला त्या दिवशी त्यातले थांबणेच लक्षात राहिले. सगळी तयारी झाली होती, मन निघाले होते, तरी वाट ठीक नाही म्हणून ती थांबली. आमच्या हातात तर पाटणचा पंप होता आणि समोर रांग होती फक्त दहा मिनिटांची.

खालाच्या घरी पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या आणि बराच वेळ कोणी कोणाला सोडले नाही. तांदळाच्या भाकरी, कोळंबीचे कालवण आणि सांदण आमची सकाळपासून वाट पाहत गार झाले होते. रात्री खालाने अम्मांच्या गुडघ्याला तेल चोळले. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेव्हा आतून अम्मांचा आवाज आला. त्या खालाला घाटाबद्दल काहीच सांगत नव्हत्या. "रास्ते में जरा देर हुई," एवढेच म्हणाल्या.

बेगमनी मात्र त्या रात्री तोंड उघडले. म्हणाल्या, "गाडीचं काय होईल ते तुम्ही उस्तादांना विचारलंत. आमचं काय झालं असतं ते कोणाला विचारणार होता?" आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

पंपाचा तो आवाज दोन दिवसांत थांबला. पण तीन महिन्यांनी शाळेच्या दारात गाडी बंद पडली आणि पंप बदलावा लागला. कऱ्हाडचा मिस्त्री म्हणाला, पंप जुना होता, एका दिवसाचा दोष नाही, वर्षानुवर्षे कोरडा चालवल्याचा असेल. खर्च आमच्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त झाला. मग आम्ही हिशोब मांडून पाहिला. थोडे थोडे टाकल्याने एक रुपयाही वाचत नाही, जेवढे जाळतो तेवढेच विकत घेतो. वजन कमी राहते म्हणावे, तर पस्तीस लिटर पेट्रोलचे वजन तांदळाच्या एका पोत्याएवढे, सव्वीस किलोच्या आसपास. त्याने मायलेजमध्ये पडणारा फरक खिशाला जाणवतही नाही. वाचत होता तो फक्त पंपावर एकदम मोठी नोट मोडण्याचा त्रास.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्यासारखी तंगी अनेक घरांत असते आणि दर वेळी टाकी भरा असे सांगणे आम्हाला शोभणार नाही. गावातल्या गावात दिवा लागला तर घाबरू नका, पुढच्या पंपावर भरा. पण शून्यापर्यंत ताणू नका. घाट, हमरस्ता, पाऊस किंवा रात्र असेल तर निघण्याआधी निदान अर्धी टाकी असू द्या. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर भरून ठेवा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. डिझेलची असेल तर आणखी जपा. आणि सोबत म्हातारे माणूस, बायका किंवा मूल असेल, तर पाण्याची एक जादा बाटली घ्या.

आमच्या घरी आता एक तारखेला किराण्याच्या यादीत पेट्रोलही लिहिले जाते, तांदूळ-तेलाच्या खाली. पैसे बाजूला काढून डब्यात ठेवण्याचे काम लेकीकडे आहे. येत्या मे महिन्यात खाला कऱ्हाडला येणार आहेत. त्यांना आणायला जायचे आहे. अम्मा म्हणतात, त्याही गाडीत येतील. गुडघा बरा आहे, आणि पेट्रोल त्या स्वतः बघतील.